हजेरीपटावरचे गाव

पुणे-सातारा महामार्गावरच्या कापूरहोळसारख्या गावात सहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घालायचे ठरले की पालकांपुढे दोन प्रकारच्या शाळा असतात. एक गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा, फी नसलेली, चालत जाण्याच्या अंतरावरची. दुसरी महामार्गाच्या आजूबाजूला, नसरापूर, भोर, शिरवळ या टप्प्यात उभी राहिलेली विनाअनुदानित इंग्रजी शाळा, फी घेणारी, पिवळी बस पाठवणारी. या निवडीची चर्चा साधारणपणे माध्यमाची, फीची आणि दर्जाची होते. दोन्ही शाळांचे हजेरीपट शेजारी ठेवले तर तिसरी गोष्टही दिसते. पटावरच्या आडनावांवरून गावातली कोणती घरे कुठे गेली ते कळते, आणि शेती, नोकरी, व्यापार हातात असलेली घरे एका पटावर, भूमिहीन, भटकी, आदिवासी आणि परप्रांतातून आलेली घरे दुसऱ्या पटावर, असा कल ध्यानात येतो.

अमेरिकेत हीच गोष्ट वंशाच्या आकड्यांत मांडली जाते. तिथल्या शैक्षणिक आकडेवारीनुसार 2021 मध्ये सरकारी शाळांतील गोऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे 45 टक्के होते, खासगी शाळांत सुमारे 65 टक्के. हे आकडे दरवर्षी गोळा होतात, छापले जातात, त्यावर निवडणुका आणि खटले लढवले जातात. महाराष्ट्रात वंशाच्या जागी जात आहे. ती प्रत्येक शाळेच्या दप्तरात नोंदलेलीही आहे. तरीही ‘आमच्या तालुक्यात कोणत्या शाळेत कोण शिकते’ हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जात नाही.

कापूरहोळ भोर तालुक्यात, पुण्याच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ गाडे पाटील यांचे गाव म्हणून इतिहासात त्याची ओळख. आज ते फाट्याचे गाव आहे: पश्चिमेला भोरचा रस्ता, पूर्वेला नारायणपूर आणि सासवडचा, जवळच केतकावळ्याचे बालाजी मंदिर. पुण्याकडून येताना अलीकडे चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याची वाट फुटते, पलीकडे नीरा ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळची औद्योगिक वसाहत लागते. 2011 च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 86 हजार, तर वेल्ह्याची जेमतेम 54 हजार होती. तोरणा आणि राजगड पोटात घेतलेल्या या दुसऱ्या तालुक्याला आता राजगड हे नाव देण्यात आले आहे. महामार्गाच्या पट्ट्यात जमिनीला भाव आला, पगाराची नोकरी आली. पश्चिमेचा डोंगरी भाग धरणांच्या पाण्याभोवती विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा राहिला. मराठा समाज सर्वत्र बहुसंख्य, सोबत गावोगावचा बौद्धवाडा, चर्मकार, मातंग, रामोशी, माळी, नाभिक यांची घरे, डोंगरात धनगरवाडे आणि महादेव कोळ्यांच्या वस्त्या, आणि ओढ्याकाठच्या कातकरवाड्या. शाळांची विभागणी याच नकाशावर बसलेली आहे.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत जातीच्या शिल्लक राहिलेल्या जुन्या कागदपत्रांपैकी एक आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात व पोटजात, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख असे त्याचे रकाने. जातपडताळणी समितीपुढे आजही याच रजिस्टरातला उतारा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा. 2023 साली मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम निघाली तेव्हा गावोगावच्या प्राथमिक शाळांची कपाटे उघडली गेली आणि मोडी नोंदी वाचणाऱ्यांना बोलावणे आले. ही नोंद सापडते याचे कारण त्या काळात पाटलाचा मुलगा, सुताराचा मुलगा आणि महारवाड्यातला मुलगा, शाळेत पोचलाच तर, एकाच रजिस्टरात लिहिला जात होता. बसायच्या जागा मात्र वेगळ्या असत.

एका रजिस्टरात येणेही सहज घडलेले नाही. 1856 च्या जून महिन्यात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. एका मुलाला घेतले तर बाकीचे सगळे जातील, या भीतीने सरकारने तो नाकारला. 1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे कळवले. प्रत्यक्षात पुढची अनेक दशके वेगळ्या शाळा किंवा ओसरीवरची वेगळी जागा हीच रीत राहिली. पुण्यात महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू केल्या, त्या सरकारी शाळेचे दार बंद असल्यामुळेच. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि रयतेच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो ही तक्रार मांडली. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आणि माध्यमिक शिक्षण अनुदान घेणाऱ्या खासगी संस्थांकडे सोपवण्याची दिशा घेतली. आजही महाराष्ट्रात पहिली ते चौथी जिल्हा परिषद आणि पाचवीपासून पुढे संस्थेची हायस्कुले अशी जी मांडणी दिसते, तिचे मूळ तिथे आहे.

कापूरहोळवरून जाणाऱ्या याच रस्त्याने पुढे साताऱ्याला 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव सरकारी शाळेच्या इंग्रजी पहिलीत दाखल झाले. बसायला त्याला घरून गोणपाट न्यावे लागे. त्या प्रवेशाची आठवण म्हणून 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, त्यात सार्वजनिक विहिरी आणि धर्मशाळांबरोबर शाळांचाही समावेश होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. या कामाची किंमत आज पूर्ण उमगत नाही. सगळ्या जातींच्या मुलांनी एका छपराखाली पाढे म्हणणे ही मराठी मुलखाने साठ-सत्तर वर्षांच्या झगड्यातून मिळवलेली गोष्ट आहे. भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या, आणि त्यानंतरची दोन-तीन दशके जिल्हा परिषदेची शाळा हीच गावाची शाळा होती. तिला पर्याय नव्हता, म्हणून ती सगळ्यांची होती.

खासगी शाळांचा समाजानुसार वेगळेपणाही महाराष्ट्राला नवा नाही. वाईच्या घाटावरच्या पाचगणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. किमिन्स आणि सेंट पीटर्स त्या परंपरेतल्या. पुढे पारशांची बिलिमोरिया, मुसलमानांची अंजुमन-ए-इस्लाम, हिंदूंची आजची संजीवन अशा एकेका समाजाच्या शाळा त्याच पठारावर आल्या. वंश आणि धर्म यांनुसार शाळा वाटलेल्या असण्याचे इतके उघड उदाहरण मराठी मुलखात दुसरे शोधायला नको.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने मातृभाषेतील शिक्षणाच्या हेतूने 6 जानेवारी 1954 रोजी एक आदेश काढला: इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्या मुलांनाच प्रवेश द्यावा. नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स हायस्कूल चालवणारी संस्था न्यायालयात गेली. 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश घटनेच्या 29व्या कलमाविरुद्ध असल्याचे ठरवले. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत वंश किंवा भाषेवरून प्रवेश नाकारता येणार नाही. त्याच्या अवघे नऊ दिवस आधी, 17 मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या निकालानंतर अनेक गोऱ्या कुटुंबांनी आपली मुले काढून नव्या खासगी शाळांत घातली. महाराष्ट्रात देवळालीच्या निकालाने इंग्रजी शाळेचे दार सर्वांना उघडे राहिले, पण आत जाण्याची अट फी ही झाली. दोन देशांतली ही वाट वेगळी असली तरी कायद्याने वेगळे बसवणे थांबल्यावर पैशाने वेगळे बसणे सुरू झाले, हा धडा दोन्हीकडे सारखा आहे.

ग्रामीण भागात इंग्रजी शाळा पोचायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे लागली. जून 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे पुणे जिल्ह्यातलेच. बहुजनांच्या मुलांना इंग्रजी लवकर मिळाले नाही तर ती मागे राहतील, हा त्यामागचा विचार होता. त्याच काळात ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या मिळू लागल्या, आणि 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने जागा, ठेव आणि इमारत असलेल्या कोणत्याही संस्थेला शाळा काढणे सोपे झाले. कात्रज बोगद्यापासून खंबाटकी घाटापर्यंतच्या पट्ट्यात त्याच सुमारास जमिनी विकल्या जात होत्या, गोदामे आणि कारखाने येत होते. जमीन विकलेल्या घरात पैसा आला, कारखान्यात कायम झालेल्या घरात दरमहा पगार आला, आणि दोन्ही घरांनी पहिला मोठा खर्च मुलांच्या शाळेवर केला. या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाला इंग्रजी यावे, पुण्याच्या मुलाखतीत त्याची मान खाली जाऊ नये, ही इच्छा बौद्धवाड्यातल्या आईचीही तेवढीच तीव्र असते. फरक इतकाच की भाव आलेली जमीन कोणाच्या नावावर होती हे जातीने कधीच ठरवून ठेवले होते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घराला महामार्गाने मजुरी दिली, भांडवल दिले नाही.

मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली की उरलेल्या शाळेचे काय होते, हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक. पटावर 62 मुले आहेत अशी एखादी शाळा घेऊ. सधन घरांतली तीन मुले बसने जाऊ लागली की पट 59 होतो. पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकसंख्या ठरते तेव्हा, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची बदली होते. सगळे वर्ग दोन शिक्षकांच्या हाती येतात. त्यातला एक जण मतदारयादी, सर्वेक्षण, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेला असतो. अध्यापन उघडपणे ढासळते, ते पाहून आणखी पाच घरे बाहेर पडतात. म्हणजे तीन कुटुंबांच्या खासगी निर्णयाचा खर्च उरलेल्या 59 मुलांनी भरायचा असतो, आणि ती 59 मुले कोणाची, हे गावाच्या रचनेवरून आधीच ठरलेले असते. गेलेल्या पालकांबरोबर आणखीही एक गोष्ट जाते. शिक्षक वेळेवर येत नाही म्हणून पंचायत समितीत जाऊन बोलणारा, सभापतीला फोन लावणारा, छताला पत्रा मिळवून देणारा माणूस बहुधा याच घरांतला असतो. त्याचे मूल शाळेत नसले की त्याचा शब्दही शाळेमागे राहत नाही.

महामार्गाच्या गावांत पट पूर्ण कोसळत नाही, त्याचे कारण नवी भरती. शिरवळ, खेड शिवापूर या भागांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातल्या कुटुंबांची मुले जिल्हा परिषद शाळेत येतात. त्यांची घरची भाषा हिंदी, भोजपुरी किंवा वेगळ्या बाजाची मराठी. वीटभट्टीवर, बांधकामावर आलेल्या टोळ्यांची मुले काही महिन्यांपुरती येतात. राजगड सहकारी साखर कारखान्याचे गाळप चालले त्या हंगामांत ऊसतोड कामगारांची मुलेही कोप्यांतून येत. स्थलांतरित मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्डाची सोय केली आहे. त्या कार्डावर मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मध्येच बसू शकते. हे सारे सामावून घेण्याचे काम एकटी जिल्हा परिषद शाळा करते. खासगी शाळेला मध्यावर आलेले मूल घेण्याचे बंधन नाही आणि फी भरू न शकणारे मूल ती ठेवत नाही. कोणाही मुलाला परत न पाठवणे हा जिल्हा परिषद शाळेचा मोठेपणा आहे, आणि गुणवत्तेच्या तुलनेत हीच गोष्ट तिच्या विरोधात मोजली जाते.

डोंगरात चित्र आणखी वेगळे. वेल्ह्यात आणि भोरच्या पश्चिम भागात इंग्रजी शाळेची बस पोचत नाही तिथे ज्यांना शक्य आहे ती कुटुंबेच खाली उतरतात: आई मुलांना घेऊन भोरला, नसरापूरला किंवा पुण्यात धायरी-कात्रजला भाड्याच्या खोलीत राहते, वडील गावात शेती बघतात. मागे उरतात धनगरवाड्यावरची आणि कातकरवाडीतली मुले. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. दिवाळीनंतर कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर कुटुंबासह जाणे हे त्यांच्या वर्षाचे गणित, त्यामुळे मुलाची शाळा अर्ध्यावर तुटते. अनेकांकडे जातीचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन योजनेत अशा समूहांना दाखले, घरे आणि वसतिगृहे देण्याचे ठरले आहे.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न याच डोंगरातून राज्यभर गेला. शिक्षण विभागाच्या आकडेवारीनुसार राज्यात अशा 14,783 शाळा होत्या, त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले. सप्टेंबर 2023 मध्ये या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले, तेव्हा नमुना म्हणून दोन नावे पुढे ठेवली गेली: नंदुरबारमधील तोरणमाळ आणि वेल्ह्यातले पानशेत. पानशेतला आसपासच्या छोट्या शाळांतली मुले बसने एका चांगल्या इमारतीत आणली गेली. तिथे वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो, बरोबरीची मुले मिळतात, आणि वेगवेगळ्या वाड्यांतली, वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र येतात, हा खरा फायदा आहे. पण बस बंद पडली, पावसात दरड आली, किंवा कातकरवाडी बसच्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत असली, तर शाळा सुटणारे पहिले मूल कोणाचे असेल हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. वाडीतली शाळा बंद करण्याआधी बसची कायमची हमी लेखी हवी, ही पालक संघटनांची मागणी रास्त आहे.

दोन शाळांतला फरक वर्गाइतकाच जेवणाच्या सुट्टीतही आहे. महाराष्ट्रात 1995 पासून शाळेत तांदूळ मिळू लागला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात दुपारी सगळी मुले मांडी घालून एका ओळीत खिचडी किंवा वरणभात खातात, आणि ते अन्न बचत गटातल्या, कोणत्याही जातीच्या बाईने रांधलेले असते. देशात आणि राज्यातही स्वयंपाकिणीच्या जातीवरून तंटे झाले आहेत. तरीही कर्मवीरांच्या वसतिगृहातली पंगत रोजच्या रोज, कोणताही समारंभ न करता, प्रत्येक वाडीत बसते, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे. विनाअनुदानित शाळेत पोषण आहार नाही. तिथे घरचा डबा असतो, आणि डब्यातल्या भाजीवरून, मांसाहारावरून घर ओळखू येते.

योजनांनी जिल्हा परिषद शाळेतही कधी कधी जात उघडी पाडली, हेही नोंदवायला हवे. 1992 पासून दुर्बल घटकांतील मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता होता. मोफत गणवेश सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळे. बाकीच्या मुलांना नाही. हेतू चांगला असला तरी पहिलीतल्या मुलाला ‘आपण वेगळे’ हे अशा वाटपाच्या दिवशी कळत असे. 2023-24 पासून गणवेश सर्वांना देण्याचे ठरले, ते उशिरा का होईना योग्य झाले.

खासगी शाळांचे सामाजिक रूप बदलण्यासाठी कायद्याने दिलेले साधन एकच आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 12(1)(क) या कलमानुसार विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि सरकारने त्याचे पैसे भरायचे. सर्वोच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2012 रोजी हे कलम वैध ठरवले; अल्पसंख्याक संस्थांना त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग अशा मुलांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी एक लाखाच्या आतले वार्षिक उत्पन्न ही अट. अर्ज ऑनलाइन, निवड पुण्यातून काढल्या जाणाऱ्या सोडतीने, शाळा घरापासून आधी एक आणि मग तीन किलोमीटरच्या आत. सरकार देते ती रक्कम वर्षाला 17,670 रुपये, आणि ती वर्षानुवर्षे थकते अशी संस्थाचालकांची कायमची तक्रार.

या अंतराच्या अटीतच भोर-वेल्ह्याची विभागणी पुन्हा दिसते. कापूरहोळ, नसरापूर, भोर शहर इथल्या बौद्ध, रामोशी किंवा माळी कुटुंबाला तीन किलोमीटरच्या आत इंग्रजी शाळा सापडू शकते. तोरण्याच्या पायथ्याच्या कातकरवाडीपासून तीन किलोमीटरमध्ये अशी शाळाच नसते, म्हणून तिच्यासाठी हे कलम कागदावरही नाही. सोडतीत नाव लागले तरी बसभाडे, पुस्तके, स्नेहसंमेलनाचा पोशाख हे खर्च बहुतेक ठिकाणी पालकांकडून घेतले जातात. आणि ज्या कुटुंबाकडे जातीचा दाखला, भाडेकरार आणि नेटकॅफेत बसायला एक दिवसाची सुट्टी आहे तेच अर्ज करू शकते. त्यामुळे वंचितांतलेही जरा सावरलेले घर आत जाते. त्याने जावे, हे चांगलेच आहे. पण हे साधन सर्वांत मागच्या घरापर्यंत पोचत नाही, हे मान्य करायला हवे.

2024 साली हे साधनही जवळजवळ हातचे गेले होते. 9 फेब्रुवारीच्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना 25 टक्क्यांच्या अटीतून वगळण्यात आले. महाराष्ट्रात गाव तिथे जिल्हा परिषदेची शाळा असल्याने बहुतेक सर्वच इंग्रजी शाळा सुटल्या. त्यांच्या जागी जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळा सोडतीत घातल्यामुळे उपलब्ध जागांचा आकडा आठ लाखांवर गेला, पण अर्ज एक लाखही आले नाहीत. जिथे अर्जाविनाही प्रवेश मिळतो तिथे सोडतीची वाट कोण पाहणार? मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुनी पद्धत परत आली, आणि एक लाखाच्या आसपास जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. गरीब पालकांना काय हवे आहे, याचा याहून स्पष्ट कौल मिळणे कठीण.

एकत्र बसल्याने मुलांवर काय परिणाम होतो याचेही उत्तर उपलब्ध आहे. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या महागड्या खासगी शाळांतील मुलांचा अभ्यास केला. तिथे सरकारी सक्तीमुळे गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे आढळले की गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरीब मुलांबरोबर खेळायला आणि संघ करायला अधिक तयार झाली. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट सोडली तर अभ्यासावर मोठा परिणाम दिसला नाही. म्हणजे मिसळण्याचा लाभ फक्त आत येणाऱ्या मुलाला नसतो. आपल्याच गावातल्या कातकऱ्याच्या मुलाशी कधी न बोलता मोठे झालेले मूल काहीतरी गमावत असते, आणि ते गमावल्याचे त्याला कळतही नाही.

सधन घरे जिल्हा परिषद शाळेत परत येतच नाहीत असेही नाही. कोविडच्या काळात देशभर ग्रामीण सरकारी शाळांतील मुलांचे प्रमाण 2018 मधल्या 65.6 टक्क्यांवरून 2022 मध्ये 72.9 टक्क्यांवर गेले. उत्पन्न घटले, फी परवडेना. 2024 पर्यंत ते 66.8 टक्क्यांवर उतरले. ही परत येणारी लाट गरजेपोटी आलेली होती. पुणे जिल्ह्यातच दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावकऱ्यांनी जमीन आणि पैसा घालून उभी केली आणि तिथे प्रवेशासाठी रांग लागली. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 2025 मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान घेऊन आली. शाळा खरोखर चांगली असेल तर पाटलाचे मूल आणि मजुराचे मूल पुन्हा एका बाकावर बसते, हे या दोन गावांनी दाखवले आहे.

आकड्यांचा भाग राहतो. प्रत्येक शाळा दरवर्षी केंद्राच्या यूडायस प्रणालीत मुलांची संख्या खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग अशी भरते. ‘खुला’ या रकान्यात मराठा शेतकऱ्याचा मुलगा, ब्राह्मण डॉक्टरची मुलगी आणि परप्रांतातून आलेला, महाराष्ट्राचा दाखला नसलेला मजुराचा मुलगा एकत्र येतात. इतर मागासवर्गात बागायतदार आणि भटके एकत्र. कुणबी दाखले मिळाल्यावर एकाच घरातली दोन भावंडे वेगवेगळ्या रकान्यांत जाऊ शकतात. तरीही अनुसूचित जाती आणि जमातींचे रकाने पुरेसे स्पष्ट आहेत. 2011 च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जाती 11.8 टक्के आणि जमाती 9.4 टक्के होत्या. एखाद्या शाळेचा पट तालुक्याच्या प्रमाणापासून किती दूर आहे हे अर्ध्या तासात काढता येते. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने येत्या जनगणनेत जातीची गणना करण्याचे ठरवले. 1931 नंतर प्रथमच गावनिहाय जातींचे आकडे मिळतील, आणि त्यांच्या शेजारी शाळांचे पट ठेवता येतील.

शिक्षण हक्क कायद्याच्या 21व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. भोर आणि वेल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी निदान एवढे करावे: दर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत, हद्दीतल्या सर्व शाळांचा, मग ती जिल्हा परिषदेची असो वा संस्थेची, वर्गनिहाय आणि प्रवर्गनिहाय पट वाचून दाखवावा, 25 टक्क्यांतल्या किती जागा भरल्या आणि किती रिकाम्या राहिल्या तेही सांगावे, आणि गावातले शाळेबाहेरचे प्रत्येक मूल कोणत्या वस्तीतले आहे हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही; ग्रामसभेला तो अधिकार आजही आहे.